तर्कयंत्र आणि सिद्धतेचा भार

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेले व्याख्यान)



कृत्रिम बुद्धिमत्तेचा विषय निघाला की हल्ली निबंध लिहून देणारी बोलकी यंत्रे डोळ्यांपुढे येतात. या शास्त्राची एक जुनी शाखा मात्र निराळ्या वाटेने गेली. माणसाला जे ज्ञात आहे ते तर्कशास्त्राच्या काटेकोर विधानांत मांडावे आणि त्यांवरून निष्कर्ष काढण्याचे काम यंत्रावर सोपवावे, ही तिची रीत. जॉन मॅकार्थी यांनी १९५८ मध्ये या कल्पनेचा पुरस्कार केला आणि १९७२ च्या सुमारास फ्रान्समधील मार्सेय येथे प्रोलॉग ही त्या धर्तीची संगणकभाषा तयार झाली. या शाखेचा राजकारणाशी काय संबंध, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर एका कायद्याच्या उदाहरणात सापडते.

१९८६ मध्ये लंडनच्या इंपीरियल कॉलेजातील मारेक सर्गो, रॉबर्ट कोवाल्स्की आणि त्यांचे सहकारी यांनी एक निबंध प्रसिद्ध केला. ब्रिटनचा १९८१ चा नागरिकत्व कायदा त्यांनी प्रोलॉगमध्ये उतरवला होता. १ जानेवारी १९८३ रोजी अमलात आलेल्या या कायद्याने केवळ ब्रिटिश भूमीवरील जन्मामुळे नागरिकत्व मिळण्याची जुनी परंपरा संपुष्टात आणली. यंत्रासाठी त्याचे पहिलेच कलम साधारण असे होते : एखादी व्यक्ती नागरिक आहे, जर तिचा जन्म कायदा अमलात आल्यानंतर ब्रिटनमध्ये झाला असेल, आणि जन्मसमयी तिची आई किंवा वडील नागरिक असतील अथवा तेथे स्थायिक असतील. यंत्र प्रश्नाकडून उलट दिशेने निघते, एकेक अट तपासते, आणि आपण कोणत्या कलमावरून या निष्कर्षाला आलो हेही सांगते. कारण न देता अर्ज परत करणाऱ्या कारकुनाचा ज्यांना अनुभव आहे, त्यांनी या गुणाला कमी लेखू नये. अर्थात ‘चांगले चारित्र्य’ म्हणजे काय, यासारख्या अटींपाशी यंत्र थबकते आणि माणसालाच विचारते.

खरी मेख नकारात आहे. अशा नियमांतून ‘आहे’ सिद्ध करता येते; ‘नाही’ कसे सिद्ध करावे? प्रोलॉगचे उत्तर सोपे आहे : जे सिद्ध करता आले नाही ते नाही असे समजावे. कीथ क्लार्क यांनी १९७८ मध्ये या रीतीची तार्किक मीमांसा केली. त्याच वर्षी रेमंड रायटर यांनी तिच्यामागील गृहीतकाला ‘बंदिस्त विश्व’ म्हटले. म्हणजे आपल्या नोंदीत जे नाही ते जगातही नाही. रेल्वेच्या वेळापत्रकापुरते हे योग्यच आहे. पाचची गाडी त्यात छापलेली नसेल तर ती नाही. परंतु ज्या दप्तरात नोंदी अपुऱ्या आहेत, तेथे हेच गृहीतक माणसाच्या मुळावर येते.

याच कायद्यात ब्रिटनमध्ये बेवारस सापडलेल्या अर्भकाविषयी एक पोटकलम आहे. विरुद्ध दाखवले जात नाही तोपर्यंत त्या मुलाचा जन्म ब्रिटनमध्ये, नागरिक किंवा स्थायिक पालकाच्या पोटी झाला असे मानावे, असे ते सांगते. तर्काची युक्ती तीच आहे. पुराव्याचा अभाव येथेही काही तरी ठरवतो. फक्त येथे तो मुलाच्या बाजूने ठरवतो. भार कोणी वाहायचा, हे प्रोलॉगला ठाऊक नसते. ते कायदा करणारा ठरवतो.

१९७१ च्या इमिग्रेशन कायद्याने तो भार व्यक्तीवर टाकला होता. आपण नागरिक आहोत असे जो म्हणेल त्यानेच ते सिद्ध करावे, अशी त्यात तरतूद आहे. १९७३ पूर्वी कॅरिबियन बेटांतून, पुष्कळदा लहानपणीच, ब्रिटनमध्ये येऊन राहिलेल्यांना तेथे वास्तव्याचा हक्क होता. मात्र त्याचा कागद सरकारने सर्वांना दिला नव्हता. २०१४ आणि २०१६ च्या कायद्यांनी घरमालक व बँका यांना कागद तपासायला लावले, तेव्हा या वृद्धांकडे वर्षावर्षाचे पुरावे मागण्यात आले. त्यांपैकी कित्येकांच्या आगमनाची जुनी नोंदपत्रे गृहखात्यानेच २०१० मध्ये नष्ट केली होती! लोकांच्या नोकऱ्या गेल्या, घरे गेली, औषधोपचार अडले. किमान ८३ जणांना देशाबाहेर घालवण्यात आले. एप्रिल २०१८ मध्ये गृहमंत्री अँबर रड यांना राजीनामा द्यावा लागला.

या विंडरश प्रकरणाचा दोष इंपीरियल कॉलेजच्या प्रयोगावर येत नाही. बंदिस्त विश्वाचे गृहीतक तेथे हाडामांसाच्या कारकुनांनीच चालवले, आणि ते कोठेही लिहिलेले नसल्यामुळे त्याला आव्हान देणे कठीण गेले. तर्काच्या भाषेत मांडलेल्या कायद्यात निदान ती ओळ दाखवता येते. सरकारी योजनांची पात्रता यंत्राने ठरवण्याचे प्रस्ताव जेथे येतील, तेथे कार्यकर्त्याने नियमांची प्रत मागावी आणि प्रथम हे पाहावे, की नोंद रिकामी असेल तेव्हा अर्जदाराचे काय होते.