दप्तरातली साखरेची पुडी

मुलांचं वाडिया रुग्णालय परळमध्ये 1929 पासून आहे, केईएम तर त्याच्या शेजारीच. गिरगाव-लालबागच्या आईबापांना हा मोठा आधार. पण टाइप वन मधुमेहाचं मूल दिवसातले पाच-सहा तास असतं शाळेत, आणि तिथे डॉक्टर नसतो. असतात वर्गशिक्षिका आणि शिपाईमामा.

या मुलांना इन्सुलिन रोज टोचून घ्यावंच लागतं. त्यात डबा अर्धा राहिला किंवा पीटीच्या तासाला जास्त धावाधाव झाली, की साखर उतरते. मूल घामाघूम होतं, हात थरथरतात, विचारलेल्याचं भलतंच उत्तर देतं. बाईंना वाटतं, आगाऊपणा चाललाय!

रक्तातली साखर 70 च्या खाली गेली, तर तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज लगेच द्यायचं, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं. 'जा, ऑफिसात जाऊन बस' म्हणून एकट्याला जिन्यावरून पाठवायचं नाही. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका. कुशीवर वळवा आणि 108 ला फोन लावा.

वर्गात साखर तपासायला, इन्सुलिन घ्यायला, मधेच खायला या मुलांना मुभा द्या, असं राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने 2023 मध्ये राज्यांना कळवलं. तरी पालकांनी जूनमध्येच वर्गशिक्षिकांना भेटावं. डॉक्टरांची चिठ्ठी, दोन फोन नंबर आणि ग्लुकोजचा पुडा त्यांच्या हाती द्यावा. पुडा कुलपातल्या कपाटात नको, टेबलाच्या खणात हवा.