ताप उतरल्यानंतर



सुवर्णमहोत्सवात रोगराईचा विषय काढणे काहींना अप्रस्तुत वाटेल. परंतु सप्टेंबर २०२४ मध्ये कर्नाटक शासनाने डेंग्यूला साथरोग म्हणून अधिसूचित केले. तेव्हा वैद्यकीय व्यवसायातील आम्हा सभासदांना हाच विषय उचित वाटला.

कोरमंगल्यात डासांचा दोष नेहमी राजकालुव्यांच्या माथी मारला जातो. डेंग्यूचा डास मात्र साठवलेल्या स्वच्छ पाण्याचा शौकीन. कुंडीखालची बशी आणि उघडा राहिलेला संप त्याला पुरतो. (येथे संप म्हणजे कामबंदी नव्हे, हे नवागतांना सांगावे लागते!)

पावसाळ्यात तातडीच्या विभागात तापाचे रुग्ण रांगेने बसलेले असतात. त्यांतील बहुतेक घरी राहूनच बरे व्हायचे. उरलेल्यांत उद्या कोण ढासळेल, हे आज ओळखणे ही आमच्या विद्येची खरी परीक्षा होय. कोविडच्या काळात, २०२० साली, ब्रिटनमधील वैद्यांनी वय, श्वासाची गती, रक्तातील प्राणवायू, शुद्ध अशा आठ गोष्टींवरून धोक्याचे गुणांकन बसविले होते. डेंग्यूची चाल मात्र निराळी आहे. तो फसवतो.

साधारणतः तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान ताप उतरतो. घरातील मंडळी सुटकेचा निःश्वास टाकतात, आणि नेमक्या त्याच वेळी काहींच्या रक्तवाहिन्यांतून रक्तद्रव झिरपू लागतो. हे चोवीस ते अठ्ठेचाळीस तास जोखमीचे. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली सांगितलेली धोक्याची चिन्हे अशी: पोटात सतत दुखणे, उलट्या न थांबणे, हिरड्यांतून अथवा नाकातून रक्त येणे, ग्लानी वा अस्वस्थता. रक्ततपासणीत प्लेटलेट झपाट्याने उतरत असता हिमॅटोक्रिट चढत असेल, तर रक्त घट्ट होत चालले असे समजावे. आपल्याकडे सारे घर प्लेटलेटच्या आकड्याकडे डोळे लावून बसते. हिमॅटोक्रिटची चौकशी क्वचितच कोणी करते. पपईच्या पानांविषयी आम्ही येथे वाद घालणार नाही. परंतु अंगदुखीसाठी अ‍ॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन मनाने देऊ नये, त्याने रक्तस्राव वाढू शकतो.

आता आपल्यासारख्या परमुलखातील कुटुंबांची अडचण. यांतील निम्मी चिन्हे यंत्राला दिसत नाहीत, ती रुग्णाने बोलून दाखवावी लागतात. मुलाकडे चार महिन्यांसाठी आलेली आई 'पोटात कालवतंय', 'जीव घाबरा होतोय' म्हणते. परिचारिका कन्नड किंवा मल्याळी भाषिक. मुलगा कचेरीतून निघालेला, सिल्क बोर्डाच्या चौकात अडकलेला. आणि सोबतची शेजारीण भीडेने सांगते, 'ताप नाही आता, बऱ्या आहेत.' या एका वाक्याने रुग्ण रांगेत मागे जाऊ शकतो.

म्हणून रुग्णाच्या उशाशी एक कागद ठेवावा. ताप कोणत्या तारखेस आला, कधी उतरला, शेवटची लघवी किती वाजता झाली, पोटात काय गेले आणि कोणती औषधे चालू आहेत, एवढे त्यावर इंग्रजीत लिहावे, आणि आईच्या तक्रारीचे शब्द तिच्याच तोंडचे, खाली अर्थासह.