कॉलेज कसें निवडावें?



बारावीचा निकाल लागला कीं आमच्या वऱ्हाडांत पुढचे पंधरा दिवस एकच प्रश्न घरोघर ऐकूं येतो. ओसरीवर, पारावर, एस. टी. च्या थांब्यावर, जो भेटेल तो विचारतो, "पोराला कोणत्या कॉलेजांत घालतां?" ह्याच प्रश्नाविषयीं आज चार शब्द सांगावयाचे आहेत. हा विषय मजकडे यावा ह्याचें कोणास नवल वाटेल. कारण विद्यार्थी म्हणून कॉलेजचा उंबरठा मीं कधीं ओलांडलाच नाहीं. जुन्या अकरावीची मॅट्रिक परीक्षा, त्यानंतर शिक्षकाची पदविका, आणि मग सारा जन्म खेड्यांतील शाळेंत खडू आणि फळा, एवढीच माझी विद्या. परंतु खेडेगांवांत गुरुजींस सर्व कांहीं ठाऊक असतें असा समज आहे. ज्या बापानें स्वतः शाळा पाहिलेली नसते, तो मुलाची गुणपत्रिका पिशवींत घालून गुरुजींकडेच येतो. अशा पुष्कळ मुलांना मीं सल्ला दिला. त्यांतील एक सल्ला फार चुकला. आणि त्या चुकीनें मला जें शिकविलें, तेंच आज आपणांपुढें ठेवणार आहें.

प्रथम एवढें ध्यानांत घ्यावें, कीं निवडीचा हा प्रश्न आपणांस पडतो हेंच मुळीं एक भाग्य आहे. आपल्या आजोबा-पणजोबांस तो पडत नसे. मॅट्रिकनंतर शिकावयाचें तर वऱ्हाडांतल्या मुलानें नागपूर गांठावें, नाहीं तर पुणें-मुंबई. नागपुरास हिस्लॉप कॉलेज १८८३ सालीं व मॉरिस कॉलेज १८८५ सालीं निघालें. तीं आधीं कलकत्त्याच्या आणि पुढें अलाहाबादच्या विद्यापीठाशीं जोडलेलीं होतीं. म्हणजे मुलगा अकोल्याचा, कॉलेज नागपूरचें आणि पदवीवरील शिक्का गंगाकांठचा, असा प्रकार होता. १९२३ सालीं नागपूर विद्यापीठ स्थापन झालें आणि त्याच वर्षीं अमरावतीस किंग एडवर्ड कॉलेज सुरू झालें. तेंच पुढें विदर्भ महाविद्यालय झालें आणि आज शासकीय विदर्भ ज्ञान विज्ञान संस्था ह्या नांवानें उभें आहे. पापळचे पंजाबराव देशमुख पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजांत शिकून विलायतेस गेले, बॅरिस्टर होऊन परत आले आणि १९३२ सालीं त्यांनीं श्री शिवाजी शिक्षण संस्था स्थापिली. आपणांस जितकें दूर जावें लागलें तितकें शेतकऱ्याच्या पोरास जावें लागूं नये, असा त्या कार्याचा अर्थ मी समजतों. पुढें १ मे १९८३ रोजीं अमरावतीस स्वतंत्र विद्यापीठ झालें. त्यास आज संत गाडगेबाबांचें नांव आहे, आणि अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा व वाशीम हे पांच जिल्हे त्याच्या कक्षेंत येतात. आतां तालुक्याच्या गांवींहि कॉलेज आहे. पूर्वीं अडचण दाराशीं कांहीं नसण्याची होती. आतां दाराशीं पुष्कळ असून त्यांतलें नेमकें ओळखावें कसें, ही आहे.

हें ओळखण्यापूर्वीं एक गोंधळ दूर केला पाहिजे, आणि तो विद्यापीठ व कॉलेज ह्या दोन शब्दांचा. इंग्लंडांत ऑक्सफर्ड आणि केंब्रिज हीं दोन जुनीं विद्यापीठें आहेत. प्रत्येकांत तीसांहून अधिक कॉलेजें आहेत. तेथील विद्यार्थी राहतो, जेवतो तो कॉलेजांत. एखाद-दोन सोबत्यांसह अध्यापकासमोर बसून आपलें लिखाण तपासून घेतो, तेंहि बहुधा कॉलेजच्याच व्यवस्थेनें. परंतु मोठीं व्याख्यानें, प्रयोगशाळा, परीक्षा आणि पदवी हीं विद्यापीठाचीं. अर्ज करतांना विद्यार्थ्यानें एखाद्या कॉलेजचें नांव घालावें, किंवा न घालावें. न घातल्यास कॉलेज त्याला नेमून दिलें जातें. आपल्या दापोली तालुक्यांतील मुर्डीचे रघुनाथ परांजपे फर्ग्युसन कॉलेजांतून केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजांत गेले आणि १८९९ सालीं गणितांत सीनियर रँग्लर झाले. राहिले ते सेंट जॉन्समध्यें. पण परीक्षा विद्यापीठाची होती आणि ती सर्व कॉलेजांच्या विद्यार्थ्यांस एकच होती.

आपल्याकडील रचना वेगळी आहे. १८५७ सालीं कलकत्ता, मुंबई आणि मद्रास हीं विद्यापीठें निघालीं, तीं लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर. विद्यापीठानें अभ्यासक्रम नेमावा, परीक्षा घ्यावी आणि पदवी द्यावी. शिकविण्याचें काम मात्र ठिकठिकाणच्या संलग्न कॉलेजांनीं करावें, असा तो बेत होता. अमरावती विद्यापीठाची घडण मुख्यतः ह्याच परंपरेंतली आहे. आतां ह्यांतून काय निघतें तें पाहा. पदवी विद्यापीठाची असल्यामुळें ती अमरावतीच्या भव्य इमारतींतून मिळवा कीं दर्यापूरच्या कॉलेजांतून मिळवा, कागद एकच. परंतु केंब्रिजच्या विद्यार्थ्यास कॉलेजांत कांहीं उणें पडलें तर विद्यापीठाचीं व्याख्यानें आणि विद्यापीठाची प्रयोगशाळा त्याच्या पाठीशीं असते. आपल्या मुलास जें कॉलेज शिकविणार नाहीं, तें दुसरें कोणी शिकविणार नाहीं. तेव्हां कॉलेजच्या नांवाची किंमत आपण मानतों त्याहून कमी आहे, आणि कॉलेजांत रोज होणाऱ्या कामाची किंमत आपण मानतों त्याहून फार अधिक आहे.

हें मला वेळीं कळलें असतें तर पुढची गोष्ट घडली नसती.

वीस-एक वर्षांपूर्वीं मी दर्यापूर तालुक्यांतील एका खेड्यांत शिक्षक होतों. खारपाणपट्ट्याचा मुलूख, विहिरीस खारें पाणी, शेती सगळी पावसावर. तेथील एका शेतकऱ्याचा मुलगा गणितांत फार हुषार निघाला. माझ्या हाताखालून गेलेला तो मुलगा बारावीस उत्तम गुणांनीं पास झाला, तेव्हां बाप मजकडे आला आणि म्हणाला, "गुरुजी, तुमी म्हनान तिथं टाकतो पोराले." मीं क्षणभरहि विचार केला नाहीं. शहरांतील एका नांवाजलेल्या कॉलेजचें नांव सांगून मोकळा झालों. तें नांव मी लहानपणापासून ऐकत आलों होतों, एवढाच माझा आधार. मुलाला प्रवेश मिळाला. गांवांत पेढे वांटले गेले.

मग एकेक गोष्ट कळूं लागली. गणित असलेल्या विषयगटाच्या जागा भरून गेल्या होत्या. त्याला दुसरा गट घ्यावा लागला. वसतिगृहांत जागा मिळाली नाहीं. खोलीचें भाडें बापास झेपणारें नव्हतें. म्हणून पहांटे उठून दोन तास एस. टी., आणि संध्याकाळीं पुन्हां दोन तास. प्रात्यक्षिकें दुपारनंतर होत, आणि गांवाकडची शेवटची गाडी तीं संपण्यापूर्वींच सुटे. मुलगा प्रयोग अर्धा टाकून थांब्याकडे धांवे. वह्यांवर सह्या होईनात, हजेरी भरेना. दुसऱ्या वर्षीं दिवाळीनंतर त्यानें जाणेंच सोडलें. आज तो शेती पाहतो. कष्टाळू आहे, संसारांत सुखी आहे. रस्त्यांत भेटला कीं अजून वांकून नमस्कार करतो. त्या नमस्काराची मला लाज वाटते. कॉलेजचा ह्यांत दोष होता असें मी म्हणत नाहीं. दोष माझा. न पाहिलेल्या घरीं मीं मुलगा धाडला होता.

त्याच वर्षीं त्याच्याच वर्गांतील एक मुलगी, गुणांनीं त्याच्याहून पुष्कळ खालीं, तालुक्याच्या जवळच्या कॉलेजांत गेली. आणि तीहि केवळ बाप लांब पाठवीना म्हणून. घरून ती पाऊण तासांत पोंचे. रसायनशास्त्राचे एक अध्यापक तास सुटल्यावरहि मुलांच्या शंका सांगत बसत. ती बी. एस्सी. झाली, पुढें बी. एड. झाली आणि आज शिक्षिका आहे. मात्र ह्यावरून जवळचें तें चांगलें असा नियम कोणीं बांधूं नये. प्रयोगशाळेस महिनोन् महिने कुलूप असलेलें जवळचें कॉलेजहि मीं पुढें पाहिलें. नियम निघतो तो एवढाच, कीं आधीं पाहावें आणि मग सांगावें.

पुढच्या वर्षापासून मीं तसा नेमच केला. उन्हाळ्याच्या सुटींत चार दिवस काढावयाचे आणि अमरावती, अकोला, मूर्तिजापूर, दर्यापूर येथील कॉलेजें स्वतः हिंडून पाहावयाचीं. काय पाहावें आणि काय विचारावें, तें मी ह्या फेऱ्यांत हळूहळू शिकलों.

पहिला प्रश्न हा, कीं पदवी कोणाची? कॉलेज अमरावतींत आहे म्हणून तें अमरावती विद्यापीठाचेंच असेल असें नाहीं. शेतकीचें कॉलेज असेल तर त्याचा संबंध अकोल्यास १९६९ सालीं स्थापन झालेल्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषि विद्यापीठाशीं असतो. वैद्यकीचें असेल तर नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशीं. कांहीं कॉलेजें आतां स्वायत्त झालीं आहेत. तेथें अभ्यासक्रम आणि परीक्षा कॉलेजची असते, पदवी मात्र विद्यापीठाचीच. प्रवेशाची रीतहि शाखेप्रमाणें बदलते. अभियांत्रिकी, औषधनिर्माण अशा शाखांत राज्याची सामायिक परीक्षा होते आणि विद्यार्थ्यानें आपल्या पसंतीच्या कॉलेजांची क्रमवार यादी भरावयाची असते. ती यादी भरणें हीच तेथें निवड. ती दुकानदारावर सोंपवून पालकांनीं बाहेर चहा पीत बसूं नये.

दुसरा प्रश्न विषयाचा. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर मुख्य विषय, दुय्यम विषय, तीन वर्षांची पदवी आणि चौथें वर्ष अशी नवी मांडणी आली आहे. आपल्या मुलास जो विषय मुख्य म्हणून हवा, तो त्या कॉलेजांत त्या रूपानें आहे काय, आणि चौथ्या वर्षाची सोय आहे काय, हें प्रवेशाचे पैसे भरण्यापूर्वीं विचारावें. माझ्या विद्यार्थ्याचें गणित हा एक प्रश्न न विचारल्यामुळें गेलें.

तिसरा प्रश्न अध्यापकांचा, आणि माझ्या मतें हा सर्वांत महत्त्वाचा. त्या विषयाचे पूर्णवेळ अध्यापक किती आहेत? किती जागा रिकाम्या आहेत आणि किती तासिका तत्त्वावर चालविल्या जातात? तासिकेवर शिकविणारे कित्येक जण मनापासून शिकवितात हें मीं पाहिलें आहे. परंतु जो पुढच्या वर्षीं येथें असेल कीं नाहीं हें त्यालाच ठाऊक नसतें, त्याजवर विद्यार्थ्यानें तीन वर्षांचा भार कसा टाकावा? हा प्रश्न कार्यालयांत विचारून भागत नाहीं. फाटकाबाहेर उभ्या असलेल्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलांना विचारावा. तीं खरें सांगतात.

चौथी गोष्ट डोळ्यांनीं पाहावयाची. ग्रंथालयांत शिरून आपल्या विषयाचें एखादें पुस्तक कपाटांतून काढावें आणि मागील चिठ्ठीवरची शेवटची तारीख वाचावी. तारीख दहा वर्षांपूर्वींची असेल तर काय समजावयाचें तें समजावें. प्रयोगशाळेंत टेबलांवर धूळ आहे कीं आम्लाचे डाग, हेंहि पाहावें. डाग असलेलें बरें. नॅकची श्रेणी फाटकावर मोठ्या अक्षरांनीं लिहिलेली असते, तिला मान द्यावा. पण ती साऱ्या संस्थेची असते, तुमच्या विषयाची नव्हे.

पांचवी गोष्ट येण्याजाण्याची आणि पैशांची. वेळापत्रकांतील शेवटचा तास आणि गांवाकडची शेवटची गाडी ह्या दोन वेळा एका कागदावर शेजारीं शेजारीं लिहाव्या. मुलींच्या बाबतींत तर हें आधीं करावें. कारण मुलगी अंधारांत थांब्यावर उभी राहते असें कळलें कीं पुष्कळ घरीं तिचें शिक्षणच थांबतें. शिष्यवृत्त्यांची चौकशीहि वेळेवर करावी. व्यावसायिक अभ्यासक्रमास जाणाऱ्या अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या व नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठीं पंजाबरावांच्याच नांवें वसतिगृह निर्वाह भत्त्याची योजना आहे. मुदत टळून गेल्यावर "आम्हांस कोणीं सांगितलेंच नाहीं" असें म्हणणारे पालक मला दरवर्षीं भेटतात.

कोणी म्हणेल, गुरुजी, मोठ्या कॉलेजचें वातावरण, तेथील स्पर्धा, तेथील ओळखी, ह्यांस कांहींच मोल नाहीं काय? आहे. ज्याला वसतिगृह मिळालें, विषय मिळाला, आणि ज्याच्या घरास खर्च झेपतो, त्यानें अवश्य मोठ्या शहरांत जावें; किंबहुना त्याला मागें ओढूं नये. परंतु ह्या तीन गोष्टींतील एकहि नसतां केवळ गांवांत सांगावयास बरें म्हणून नांवाच्या मागें धांवणें, हें दुसऱ्याच्या मापाचा जोडा घालून शर्यतींत उतरण्यासारखें आहे.

विद्यार्थ्यांनो, तुमच्या विद्यापीठास ज्यांचें नांव आहे त्या गाडगेबाबांस शाळेचा लाभ झाला नव्हता. ते गांवांत शिरत तेव्हां आधीं हातांत खराटा घेऊन तें गांव झाडीत. दिवसभर गल्लीबोळ पायांखालीं घालून मग रात्रीं कीर्तनास उभे राहत. त्या गांवाविषयीं ते जें बोलत, तें पाहून बोलत. मला ही रीत उशिरा उमगली. तुम्ही ती आजच उचला. ह्या आठवड्यांत एक दिवस काढा, वडिलांना बरोबर घ्या, आणि ज्या कॉलेजांत तीन-चार वर्षें काढावयाचीं तेथें एक दुपार काढून या. वडिलांना लिहितां-वाचतां येत नसलें तरी बरोबर न्याच. बैल घेतांना दांत पाहणारा आणि बियाणें घेतांना मूठ उघडून पाहणारा तो माणूस, तेथेंहि त्याला पुष्कळ कांहीं दिसेल. आणि कोणी गुरुजी नुसतें नांव ऐकून सल्ला देऊं लागले, तर त्यांना नम्रपणें विचारा, "गुरुजी, आपण तें कॉलेज पाहिलें आहे काय?" मला त्या वेळीं हें कोणीं विचारलें असतें, तर फार बरें झालें असतें.