तळावलीचे सांतान चर्च

देवालयाच्या वास्तूचा विषय निघाला की विदर्भातील माणसाच्या डोळ्यांपुढे प्रथम काळा पाषाण उभा राहतो. वर्धा जिल्ह्यातील सिंदीची भूमी काळी आणि त्या बाजूचा दगडही काळा. विदर्भातील जुन्या हेमाडपंती देवळांत हा दगड एकावर एक असा नेमका बसविलेला असतो की मध्ये चुन्याची गरजच भासू नये. असे देऊळ शतकानुशतके उघड्यावर पाऊस सोसते आणि त्याच्या अंगावरील नक्षी शाबूत राहते. गोमंतकात पाऊल टाकताच मात्र हा सारा हिशेब बदलतो. तेथील दगड जांभा. खाणीतून निघतो तेव्हा तो मऊ असतो, सहज तासता येतो. हवा लागली की कठीण होतो. परंतु त्याच्या अंगोपांगी छिद्रे असल्यामुळे तो पाणी पितो, आणि नाजूक कोरीवकाम तर त्यावर उठतच नाही. म्हणून जांभ्याच्या भिंतीला चुन्याचा गिलावा हा केवळ अलंकार नव्हे, ते तिचे कातडेच होय. तिसवाडीतील तळावली गावचे संत आनेचे चर्च, ज्याला लोक ‘सांतान’ या सुटसुटीत नावाने ओळखतात, त्याची हकीकत समजून घेण्यास ही एवढी गोष्ट प्रथम ध्यानात ठेवावी.

या चर्चचे बांधकाम १६८१ मध्ये फ्रान्सिस्कु दु रेगु या धर्मगुरूंनी आरंभिले आणि १६९५ मध्ये आंतोनियु फ्रान्सिस्कु दा कुन्या यांनी ते पूर्णत्वास नेले. जुने गोवे या राजधानीची त्या वेळी उतरती कळा लागली होती. रोगराईने आणि डच आरमाराच्या शहाने तिचे वैभव ओसरत होते. अशा काळात एका खेड्याने एवढी प्रचंड वास्तू उभारावी, याचे प्रथमदर्शनी नवल वाटते. पाहणारा शेतांच्या नि माडांच्या मधून येतो आणि एकाएकी पाच मजल्यांची पांढरी दर्शनी भिंत, तिच्या दोन्ही अंगांना चौकोनी मनोरे, अशी ती समोर उभी राहते. आजूबाजूला तिच्या तोलाचे काहीच नाही.

या दर्शनी भिंतीचा नमुना जुन्या गोव्यातील संत ऑगस्टीनच्या चर्चवरून घेतला, असे जाणकार मानतात. १५९७ ते १६०२ या काळात बांधलेले ते चर्च राजधानीतील मोठ्या चर्चांपैकी एक होते, आणि त्याचा मनोरा सुमारे ४६ मीटर उंचीचा होता. पुढे पोर्तुगीज सरकारने धार्मिक संघ बरखास्त केले आणि १८३५ मध्ये ती वास्तू ओस पडली. १८४२ मध्ये तिचे छत कोसळले. १८७१ मध्ये तिची मोठी घंटा पणजीच्या चर्चमध्ये नेण्यात आली. १९३१ मध्ये दर्शनी भिंत आणि मनोऱ्याचा अर्धा भाग ढासळला. आज तेथे मनोऱ्याचा उभा तुकडा तेवढा उरला आहे. म्हणजे राजधानीतील मूळ गेले आणि खेड्यातील प्रतिकृती राहिली. मूळ कसे दिसत असेल याची कल्पना ज्याला करावयाची असेल, त्याने तळावलीस जावे.

परंतु ‘प्रतिकृती’ हा शब्दही पुरता न्याय्य नाही. मजल्यावर मजला चढविण्याची कल्पना राजधानीची खरी. पण येथे तिला जो भरगच्चपणा आला आहे तो निराळा आहे. भित्तिस्तंभांच्या ओळी, कोनाडे, खिडक्यांवरील कंगोरे यांनी भिंत इतकी भरली आहे की सूर्य कलू लागला म्हणजे त्या पांढऱ्या पृष्ठावर सावल्यांचेच कोरीवकाम दिसू लागते. जांभ्याने जे नाकारले ते गवंड्याने चुन्याकडून करवून घेतले. जोझे परेरा या गोमंतकीय पंडितांनी आपल्या ग्रंथांतून भारतीय बरोक शैली ही युरोपीय शैलीची नक्कल नसून स्वतंत्र घडण आहे, हे हिरीरीने मांडले, आणि त्या मांडणीत सांतानला मानाचे स्थान दिले. ते योग्यच वाटते.

आत शिरताच प्रथम उंची जाणवते. वर कमानदार छत, दोन्ही बाजूंना वरच्या अंगाने जाणारे सज्जे, आणि कोनाड्यांच्या माथ्यावर उमललेले शिंपले. भिंती अतोनात जाड आहेत, आणि त्यांच्या पोटातून माणूस चालून जाऊ शकेल अशा पोकळ वाटा आहेत. पापनिवेदनास जाणाऱ्याने कोणाच्या दृष्टीस न पडता जावे-यावे, यासाठी त्या ठेवल्या असे सांगतात. जेथे प्रत्येक जण प्रत्येकाला ओळखतो अशा गावात पाप सांगणे हे पाप करण्याहून कठीण असते. बांधणाऱ्याला गावाचा स्वभाव चांगला माहीत असला पाहिजे!

गोमंतकातील चर्चांच्या सजावटीचे खरे द्रव्य म्हणजे लाकूड. मुख्य वेदीच्या मागे छतापर्यंत चढत गेलेली कोरीव चौकट असते. महाराष्ट्रीय घरात तिला मखर म्हणतील. लाकडावर प्रथम खडूचा लेप, त्यावर तांबड्या मातीचा पातळ थर, आणि मग सोन्याचा वर्ख, असा तिचा क्रम. ती तांबडी माती वर्खाखालून किंचित झळकते आणि सोन्याला ऊब आणते. बाजूच्या भिंतीत उंचावर प्रवचनाचे व्यासपीठ आणि त्यावर लाकडी छत्र. हे छत्र शोभेचे नव्हे. धर्मोपदेशकाचा आवाज वर विरून न जाता खाली लोकांकडे यावा, यासाठी त्याची योजना असते. ध्वनिक्षेपक आल्यापासून अशी व्यासपीठे बहुतेक मुकी झाली आहेत. त्यांपैकी कित्येकांच्या तळाशी मानवी मुखाच्या नि सर्पपुच्छाच्या नागिणी कोरलेल्या दिसतात. त्या कोठून आल्या, हे मराठी श्रोत्यास सांगावयास नको. १५६७ च्या गोव्यातील धर्मपरिषदेने ख्रिस्ती मूर्तींची कामे हिंदू कारागिरांना देऊ नयेत असा निर्बंध घातला होता. असा निर्बंध घालावा लागला, यावरूनच ती कामे कोणाच्या हातून होत होती ते उघड होते.

येथे एक अप्रिय गोष्ट झाकून ठेवणे बरे नाही. १५४० च्या सुमारास तिसवाडीतील देवळे पाडण्यात आली आणि त्यांच्या जमिनींचे उत्पन्न ख्रिस्ती धर्मकार्याकडे वळविण्यात आले. गावकरी ही जुनी ग्रामसंस्था मात्र टिकून राहिली. पूर्वी जी देवळाचा खर्च चालवीत होती तीच पुढे चर्चचा भार वाहू लागली. सांतानचा पाया घातला तेव्हा या घटनेस सुमारे १४० वर्षे लोटली होती. ज्यांनी जांभा वाहिला, चुना मळला, लाकूड तासले, ते त्याच मातीतले होते. म्हणून ज्या सत्तेने देवळे पाडली तिच्या खाती ही वास्तू जमा करून टाकणे, हा या कारागिरांवरील अन्यायच ठरेल. पुढे देवाणघेवाण उलट दिशेनेही झाली. शाहू महाराजांचे मंत्री नारोराम यांच्या साहाय्याने १७३८ च्या सुमारास उभ्या राहिलेल्या कवळ्याच्या शांतादुर्गेच्या मंदिराकडे पाहावे. त्याच्या खिडक्यांच्या कमानी चर्चशी नाते सांगतात.

संत आना ही मारियेची माता. उतारवयात तिला अपत्य झाले अशी श्रद्धा असल्यामुळे संततीची इच्छा धरणारी जोडपी २६ जुलैच्या सुमारास तिच्या उत्सवाला येतात आणि तवशी वाहतात. तवसे म्हणजे काकडी. हा शब्द मराठीतही जुनाच आहे. ऐन पावसाळ्यात ही फळे वेलींवर लगडलेली असतात. म्हणून या उत्सवाचे नावच ‘तवशांचे फेस्त’. या गर्दीत हिंदू कुटुंबेही असतात. एका आख्यायिकेप्रमाणे हाती काठी घेतलेली एक वृद्धा टेकडी उतरताना गावकऱ्याच्या दृष्टीस पडली आणि आपल्याला या गावी राहावयाचे आहे असे तिने सांगितले. मराठी मुलुखातील किती ग्रामदेवता अशाच रीतीने गावी वस्तीस आल्या आहेत!

१९६२ ते १९६५ या काळात रोममध्ये भरलेल्या परिषदेनंतर लॅटिन उपासनेच्या जागी कोंकणी आली आणि वेदीकडे तोंड करून उभे राहणारे धर्मगुरू लोकांकडे वळले. त्यासाठी गोमंतकात जुन्या सोनेरी मखरापुढे साधे मेज मांडण्यात येऊ लागले. ते पुष्कळदा विशोभित दिसते, पण उपासना चालू असलेल्या घरात सामान हलणारच.

चिंता आहे ती पाण्याची. जुन्या गोव्यातील बॉम जेझुस चर्चच्या बाहेरील भिंतींचा गिलावा १९५० च्या दशकात काढून टाकण्यात आला. वास्तू अधिक प्राचीन दिसावी, ही त्यामागील हौस. उघडा पडलेला जांभा तेव्हापासून पावसाने झिजत आहे, आणि गिलावा परत चढवावा की नाही यावर वाद झाले आहेत. जुन्या गोव्यातील चर्चे व मठ १९८६ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेले, त्यामुळे त्या वादाला जगाचे कान मिळाले. सांतान त्या यादीत नाही. तळावलीच्या एवढ्या कंगोऱ्यांवर, प्रत्येक आडव्या पट्टीवर, पाणी थबकते, शेवाळ धरते, चिरेत पिंपळाचे बी रुजते. आश्विनात पाऊस उलगडला म्हणजे गोमंतकात गावोगाव चर्चच्या भिंतींवरील काळपट ओघळ खरवडण्याचे आणि पांढरा हात फिरविण्याचे काम निघते. सिमेंट स्वस्त आणि झटपट. पण ते जांभ्यातील ओल आतच कोंडते आणि दोन-चार पावसाळ्यांत पोपडे धरून गळते. चुना मात्र श्वास घेतो. तो भिजवून मुरवावा लागतो, त्याला दिवस लागतात, आणि तो मळणारे हात दरवर्षी कमी होत आहेत.