म्हातारपणचा न्यूमोनिया आणि रक्ताची तपासणी

श्रोतेहो, तरण्याताठ्या माणसाला न्यूमोनिया झाला, की हुडहुडी भरून ताप चढतो, खोकला येतो, छातीत कळ मारते. सत्तरी ओलांडलेल्या आजोबांना मात्र ताप येईलच असं नाही. ते जेवण टाकतात, निजून राहतात, काहीबाही बोलू लागतात. घरची माणसं म्हणतात, "वय झालं, चालायचंच." आणि दोन दिवस फुकट जातात.

इस्पितळात नेल्यावर डॉक्टर रक्त काढतात. १९३० साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत टिलेट आणि फ्रान्सिस यांना न्यूमोनियाच्या रोग्यांच्या रक्तात एक पदार्थ आढळला. त्यालाच आज सीआरपी म्हणतात. जंतूंची चाहूल लागताच यकृत तो तयार करू लागतं आणि एकदोन दिवसांत त्याचा आकडा शंभरावरही जातो. पण पहिल्या दिवशीच्या या एका आकड्यावरून रोगी वाचेल की नाही, हे कळत नाही. तो उतरतो कसा, हे पाहायचं. औषध लागू पडलं, की तो झपाट्यानं खाली येतो. चौथ्या दिवशीही निम्म्यावर आला नाही, तर डॉक्टर सावध होतात. छातीत पू तर साचला नाही ना, औषध बदलायला हवं का, हे पाहतात.

पांढऱ्या पेशींचं उलटंच आहे. जंतू आले की त्या वाढायच्या. थकलेल्या शरीरात कधीकधी त्या वाढतच नाहीत, आणि चार हजारांच्याही खाली गेल्या तर ते वाईट लक्षण.

आता युरिया. होय, शेतात टाकतो तोच पदार्थ. आपल्या शरीरातही तो तयार होतो आणि मूत्रपिंडं तो लघवीवाटे बाहेर टाकतात. अंगातलं पाणी आटलं, मूत्रपिंडांना रक्त कमी पडलं, की तो साचतो. म्हणून २००३ साली ठरलेल्या एका मोजणीत रक्ताची ही एकच तपासणी घेतली आहे. बुद्धीचा गोंधळ, युरिया ४२ मिलिग्रॅमच्या वर, मिनिटाला ३० किंवा जास्त श्वास, उतरलेला रक्तदाब, आणि ६५ किंवा अधिक वय. प्रत्येकी एक गुण. शाळेतल्यापेक्षा इथं गुण जितके कमी तितके बरे! तीन किंवा जास्त झाले, तर आजार गंभीर समजतात.

पण मंडळी, कागदावरचे गुण पाहून "आता घरीच नेऊ" म्हणणारेही भेटतात. हे चूक आहे. अशा शंभर रोग्यांपैकी साधारण किती दगावतात, एवढंच आकडा सांगतो. आपले आजोबा त्या शंभरांत कुठं, हे तो सांगत नाही. रोग्याला अधिक जपायचं, एवढ्यासाठी ही मोजणी आहे.

इस्पितळात जाताना जुन्या तपासण्यांचे कागद पिशवीत घ्यावेत. सहा महिन्यांपूर्वीही आजींचा युरिया साठ असेल, तर आजच्या साठाचा अर्थ वेगळा. आणि गावात रक्त तपासायची सोय नसली, तरी घड्याळ असतंच. माणूस स्वस्थ पडलेला असताना पूर्ण एक मिनिट छातीची हालचाल मोजावी. श्वास तीसवर गेले, किंवा कालपर्यंत नातवंडांना नावानं हाक मारणारी आजी आज त्यांना ओळखेना, तर सकाळची वाट न पाहता गाडी जोडावी.