वाचणारे मूल, ऐकणारे घर
(विहाराच्या वर्धापनदिनी आमगाव येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



धम्मावर आज विद्वान मंडळी बोलणारच आहेत. आम्ही मात्र आपल्या घरातल्या एका साध्या गोष्टीवर चार शब्द बोलणार आहोत. आपली लहान मुले वाचतात का ? आणि वाचताना त्यांना आनंद होतो की भीती वाटते ?

बाबासाहेबांचे ग्रंथप्रेम आपण दर जयंतीला सांगतो. राजगृहातल्या हजारो ग्रंथांचा अभिमान बाळगतो. पण ते प्रेम उगवले कुठे ? परळच्या चाळीतल्या एका खोलीत. सुभेदार रामजी पेन्शनीवर घर चालवीत. भीमाने पुस्तक मागितले आणि हाती पैसा नसला, तर ते लग्न झालेल्या मुलींकडे जात. वेळप्रसंगी त्यांचा दागिना गहाण ठेवून पुस्तक आणीत आणि पेन्शन मिळाली की दागिना सोडवीत. दुसरे नाव कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींचे. चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणारा हा मुलगा त्यांनी हेरला, त्याला पुस्तके दिली. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले तेव्हा गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. त्या पुस्तकाने बुद्धाची पहिली ओळख करून दिली, आणि १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरच्या भूमीवर काय घडले ते आपण सारे जाणतो. पुस्तक आणून देणारा बाप आणि वाचणाऱ्या पोराची दखल घेणारे गुरुजी, अशी दोन माणसे त्या मुलामागे होती. आपल्या मोहल्ल्यातल्या पोरांमागे कोण आहे ?

आपल्याकडे अडचण वेगळी आहे. घरात झाडीबोली, बाजारात हिंदी आणि पुस्तकात तिसरीच मराठी. मूल ‘पाणी’ हा शब्द ‘पानी’ असा वाचते आणि आपण हसतो. अहो, त्याला अक्षर कळले, अर्थ कळला. उच्चार हळूहळू सुधारेल. पण चार लोकांत एकदा हसू झाले, की ते पोरगं पुस्तकच टाळते. बोलण्यात पटाईत असलेले मूल वाचायला सांगितले की पळते, ते असे. पुढे दहावी-बारावीला आपण शिकवणीवर कितीही पैसे घातले, तरी आत बसलेली ती भीती लवकर जात नाही.

मग करायचे काय ? पहिली गोष्ट, अडखळले तर थांबा. लगेच शब्द सांगू नका, रागावू तर नकाच. थोडा वेळ द्या. नाहीच जमले तर शब्द सांगून पुढे चला. ‘कि’ मधली वेलांटी आधी लिहितात आणि बोलतात नंतर. जोडाक्षरे तर मोठ्यांनाही अडवतात. लहानाला वेळ लागणारच.

दुसरी गोष्ट, तोंडपाठ आहे त्यातून वाचायला शिकवा. आपल्या पोरांना त्रिशरण-पंचशील पाठ आहे. वंदनेचे पुस्तक समोर ठेवून, म्हणता म्हणता शब्दांवर बोट फिरवू द्या. ‘बुद्ध’, ‘धम्म’, ‘गच्छामि’ ही जोडाक्षरे त्याच्या जिभेवर आधीच आहेत. आता ती डोळ्यांना ओळखीची होतील.

तिसरी गोष्ट, त्याचे बोलणे लिहून घ्या. “आज माय रोवण्याले गेली” असे मूल म्हणाले, तर तसेच मोठ्या अक्षरात लिहा आणि त्यालाच वाचू द्या. स्वतःचे वाक्य वाचता आले की पोराची छाती फुगते. फलटणला डॉ. मॅक्सीन बर्नसन यांनी कष्टकरी वस्त्यांतल्या मुलांसोबत अनेक वर्षे काम केले. सगळी बाराखडी पाठ होईपर्यंत थांबायचे नाही. थोडी अक्षरे, थोडे काने-मात्रा आले की लगेच अर्थ असलेले शब्द वाचायचे, ही रीत घरीही जमण्यासारखी आहे.

कोणी म्हणेल, “आम्हालाच वाचता येत नाही, पोराले काय शिकवू ?” आजी, तुम्ही फक्त ऐका. “मग पुढं काय झालं ?” एवढे विचारा. ऐकणारे माणूस मिळाले की मूल वाचते. मोबाईल रात्री अर्धा तास बाजूला ठेवला, तर तेवढ्यात एक गोष्ट वाचून होते. आणि पुस्तक मुलालाच निवडू द्या. चित्रांचे असो, विनोदाचे असो. ‘किशोर’ मासिक बालभारती १९७१ पासून काढते, त्याचे जुने अंकही चालतील.

शेवटी विहार समितीला एक विनंती. दर रविवारी वंदनेनंतर अर्धा तास मुलांच्या वाचनाला द्यावा. एक पेटी ठेवावी, प्रत्येक घराने दोन पुस्तके आणावीत. तिथे परीक्षा नको, नंबर नको, हसणे तर नकोच. १५ ऑक्टोबर हा डॉ. कलामांचा जन्मदिवस महाराष्ट्रात २०१५ पासून वाचन प्रेरणा दिन म्हणून पाळला जातो. धम्मदीक्षेच्या तारखेचा तो दुसराच दिवस. त्या दिवशी पोरांनी विहारात आपल्या आवडीचे पान वाचावे आणि आपण साऱ्यांनी मांडी घालून ऐकावे.

बाबासाहेबांच्या संदेशातला पहिला शब्द ‘शिका’ हा आहे. त्याची सुरुवात पहिलीच्या पुस्तकापासून होते, बंधू-भगिनींनो.

जय भीम ! नमो बुद्धाय !