घरातला ससा: चारा, गारवा आणि निगा

ससा घरी आला की पाठोपाठ गाजरं येतात. पण गाजरात साखर जास्त. ते कधीमधी एखाद्या फोडीपुरतंच द्यावं. सशाचं खरं अन्न म्हणजे वाळलेलं गवत. त्याचे दात आयुष्यभर वाढतात आणि गवत चघळूनच झिजतात. पोटही त्यावरच चालतं.

आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात गाई-म्हशींसाठी लसूणघास सहज मिळतो. पिल्लांना तो चालतो, मोठ्या सशाला मात्र रोज देऊ नका. त्यात कॅल्शियम भरपूर असल्यानं मूत्राशयात खडे होण्याचा धोका वाढतो. त्याऐवजी फवारणी न झालेलं मारवेल किंवा हरळी धुऊन, वाळवून हवी तेवढी द्या.

उन्हाळ्यात आपल्याकडे पारा चाळिशी गाठतो. तापमान ३० अंशांपुढे गेलं की सशाला त्रास होतो. त्याला पत्र्याच्या खोलीत ठेवू नका. पाण्याची बाटली गोठवून, फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवा. आंघोळ मात्र घालू नका.

तारेच्या जाळीवर तळपाय सोलवटतात, म्हणून खाली गोणपाट अंथरा. विजेच्या वायरी झाकून त्याला रोज काही तास मोकळं सोडा. उचलताना कान धरू नका. एक हात छातीखाली, दुसरा मागच्या पायांखाली हवा.

रानातला ससा पकडून पाळणं १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे.

शेवटचं आणि महत्त्वाचं: ससा दुखणं लपवतो. त्यानं १२ तास काही खाल्लं नाही किंवा लेंड्या टाकल्या नाहीत, तर थांबू नका. लगेच पशुवैद्यकाकडे न्या.